खिंडीतले पन्नास सेकंद

रवि. ७ फेब्रुवारी १९५४, डोंबिवली

ठाण्याच्या सबनीस वकिलांची चिठ्ठी आली. तिथल्या मोटारवाल्यांनी क्लब काढलाय, हे त्याचे सेक्रेटरी. पुढच्या रविवारी मोटारींची रॅली आहे: कल्याणहून मुरबाड, किन्हवली, शहापूर, तानसाचं जंगल, भिवंडी आणि शेवट ठाण्याला. वाटेतल्या एका चौकीवर घड्याळ घेऊन बसायला भरवशाचा माणूस हवाय. 'आपण रेल्वेत टाइमटेबलच्या खात्यात, तेव्हा वेळेचे पक्के असणार.' नऊ वर्षं गाड्यांचे चार्ट काढतोय, पण त्यावरून कुणी मला बोलावणं धाडावं हे आजच घडलं. लगेच हो कळवलं.

सौ. नं विचारलं, "मोटारीत बसायला मिळणार का?"

नाही. चौकीवर बसायचं.

"म्हणजे तिथेही टेबलच," म्हणाली आणि पाककृतींची पुस्तकं चाळावीत तशी चिठ्ठीसोबत आलेली क्लबाची नियमावली चाळू लागली.

गुरु. ११ फेब्रु.

नियमावली तीनदा वाचली. ही शर्यत नव्हेच! सगळ्यांत आधी येईल तो जिंकत नाही, ठरल्या वेळेला येईल तो जिंकतो. खडीच्या रस्त्याला ताशी चोवीस मैल, जंगलात अठरा. त्या हिशोबानं प्रत्येक चौकीवर गाडी कधी यायला हवी ते ठरतं. दहा सेकंद लवकर आलात तरी एक गुण दंड, दहा सेकंद उशिरा आलात तरी एक गुण दंड. ज्याचा दंड कमी, त्याची ढाल. शिवाय काही चौक्या झाडीत लपवलेल्या. म्हणजे कुठेही, कोणत्याही क्षणी, गाडी आपल्या वेळेवर असायला हवी.

अहो, हे तर आमचंच काम! आम्ही दुसरं काय करतो दिवसभर? झोप येईना.

रवि. १४ फेब्रु.

काय दिवस गेला! सकाळी वकिलांच्या गाडीतून किन्हवलीच्या पुढच्या चौकीवर. चिंचेखाली टेबल, टेबलावर घड्याळ, रेडिओच्या ठोक्याला लावून आणलेलं. पहिली गाडी यायला चाळीस मिनिटं होती म्हणून डबा सोडला, तर धुरळा उडवत एक जीप समोर येऊन उभी. लढाईनंतर कल्याणच्या छावणीतला माल लिलावात गेला, त्यातली. आतून एक धिप्पाड गृहस्थ उतरले, धोतर, वर खाकी कोट, तोंडभर हसू. नामदेवशेठ भोईर. खाडीकाठचे, वडिलांची मिठागरं होती, आता लाकडाचे ट्रक चालतात.

"पयला ना मी?"

म्हटलं, शेठ, तुम्ही चाळीस मिनिटं लवकर आलात. दोनशे चाळीस गुण दंड.

माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "सालंत उशिरा आयलो तवा मास्तरचा मार खाल्ला. आता लवकर आयलो तं दंड. मानसानं यावा तरी कवा?"

माझ्या हातातली पोळी खाली पडली, इतका हसलो. तेही हसले. माझ्या डब्यातली मटकी खाल्ली आणि पुढच्या चौकीवर आणखी लवकर पोचायला निघून गेले. शेवटचा नंबर आला. नावाची थट्टा झाली, क्लबातल्या एकानं 'भोईर मेल' म्हटलं. मला ते आवडलं नाही.

दुसरी गोष्ट. सात गाड्या माझ्या चौकीच्या अलीकडे, फर्लांगभरावर आंब्याखाली येऊन उभ्या राहत, मंडळी सिगरेटी ओढत, घड्याळ बघत, आणि बरोब्बर सेकंदाला सरकत पुढे येत. मला इथून सगळं दिसत होतं. ही काय वेळ पाळणं झालं? रागानं कानशिलं तापली.

सोम. १५ फेब्रु.

क्लबाला पत्र. नुसती तक्रार नको म्हणून नियमच लिहून दिला: 'चौकीच्या नजरेच्या टप्प्यात गाडी उभी केल्यास शंभर गुण दंड. अपवाद: यंत्रातला बिघाड, टायर फुटणे, गुरांनी वा फाटकाने वाट अडणे.' चार वेळा खोडून पाचव्यांदा मनासारखा उतरला. कुठे पळवाट ठेवली नाही.

शनि. ६ मार्च

वकिलांचं उत्तर. नियम जसाच्या तसा मंजूर! 'तुमच्यात कायद्याचं डोकं आहे.' सौ. ला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनं ऐकलं नाही.

रवि. १० ऑक्टोबर १९५४

दुपारी दारात जीप. बॉनेटवर दसऱ्याच्या झेंडूची माळ, सुकलेली. नामदेवशेठ (यापुढे ना. शे., हात दुखतो) शोधत शोधत घरी आले. पायरीवर चपला नीट ओळीनं काढल्या, आईला वाकून नमस्कार केला, सौ. नं दिलेला चहा बशीत ओतून प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"मास्तर, गारी माजी. रस्ता मना पाठ हाय, डोले बांधून चालवीन. पन वेल माज्यानं नाय व्हायचा. तुमी माजे बाजूला बसा."

मी मास्तर नाही, ड्राफ्ट्समन आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांच्या लेखी रेल्वेतला प्रत्येक माणूस मास्तर. राहू दे.

मी आईकडे बघितलं, आईनं सौ. कडे, सौ. नं जीपकडे. "जा की," म्हणाली. "टेबल नाही त्यात."

गेलो! म्हणजे हो म्हटलं. चौतिसाव्या वर्षी.

रवि. १७ ऑक्टो.

मुरबाड रस्त्यावर जीप तपासली. मैलांचे दगड आणि जीपमधला आकडा यांचं जुळत नाही. दहा दगडांना जीप नऊ मैल सहा दशांश दाखवते. ना. शे. नी मागे मोठे टायर चढवलेत म्हणून. म्हणजे जीप जे सांगते ते तसंच धरायचं नाही, दर खेपेला दुरुस्त करून घ्यायचं. मी कोष्टक करतो म्हटलं. "म्हंजे आजवर मना गारी खोटा बोलायची?" ना. शे. ना खरंच वाईट वाटलं.

शनि. २३ ऑक्टो.

कोष्टक पुरं. चार्टचा कागदही आणला, ऑफिसातला नव्हे, स्वतःचा. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर मैल, आगगाडीचा काढतो तसाच. जीप म्हणजे एक तिरकी रेघ. जंगलात तिचा चढ कमी, खडीवर जास्त. ही रेघ काढताना जी मजा आली ती कधी कुठल्या गाडीच्या रेघेत आली नाही. त्या गाड्यांत मी कधी बसलेलोच नसतो.

रवि. ७ नोव्हेंबर

पहिली संपूर्ण फेरी. आणि भांडण.

किन्हवली सोडल्यावर शहापूरच्या अंगाला एक खिंड आहे. चढ संपला, माथ्यावर आलो, आणि ना. शे. नी ब्रेक दाबला. सीटखालून नारळ काढला, उतरले. झाडाखाली शेंदूर फासलेला दगड, त्यावर झिजून गेलेला वाघ कोरलेला. वाघोबा. शांतपणे नारळाच्या शेंड्या सोलायला लागले.

"शेठ, घड्याळ चालू आहे!"

"वाघोबाचा घड्याल आपले परीस जुना हाय."

नारळ फोडला, पाणी दगडावर, एक शकल दगडापुढे, एक बॉनेटवर, हात जोडले, कपाळाला शेंदूर लावला. माझ्याही लावायला आले, मी मान वळवली. चार मिनिटं! आमच्या सगळ्या मेहनतीचे चोवीस गुण त्या दगडापुढे वाहिले. मी बोललो. जरा जास्तच बोललो. 'अडाणीपणा' हा शब्द गेला तोंडातून.

ते चिडले नाहीत. "माजा बाप इथं बैलगारी उबी करायचा. मी टरक उबा करतो. माजे सगले डायवर करतान. जीप काय सरकारी हाय कं?"

घराशी उतरताना मी म्हणालो, मग दुसरा मास्तर बघा. ते नुसतं 'बरा' म्हणाले.

गुरु. ११ नोव्हें.

चार्ट गुंडाळून कपाटावर टाकला.

रवि. २१ नोव्हें.

दोन आठवडे झाले. ऑफिसात आज घाटातल्या गाडीचा चार्ट काढताना एकदम लक्षात आलं. चढावर गाडी मागून इंजिन लावायला थांबते, माथ्यावर ते सोडायला थांबते. आम्ही त्या थांब्याला शिव्या देतो का? नाही. टाइमटेबलात घालतो! थांबा असला की चार्टवरची रेघ तेवढ्यापुरती आडवी होते आणि पुढे पुन्हा तिरकी. आधी थोडं कमवायचं, तिथे खर्चायचं. इतकी साधी गोष्ट, आणि मी त्या माणसाला अडाणी म्हणालो.

(ऑफिस रविवारीही. नाताळच्या जादा गाड्या. तक्रार नाही.)

संध्याकाळी तसाच कल्याणला त्यांच्या आवारात गेलो. ना. शे. ट्रकखाली होते. बाहेर आले, हात तेलानं काळे. मी म्हटलं, "शेठ, वाघोबाला पन्नास सेकंद देतो. एक्कावन्न नाही."

"पन्नासान व्हईल कं?"

"करावं लागेल."

हात तसाच तेलकट पुढे केला. मीही धरला.

डिसेंबर, तारीख राहिली

नारळाची तालीम! ना. शे. च्या आवारात, ट्रकवाले सगळे टाळ्या पिटत. पहिल्या खेपेला एक मिनिट चाळीस. शेंड्या आधीच सोलून ठेवल्या: एक दहा. फोडायचा दगड हुडकत बसायचं नाही, ठरलेलाच: अठ्ठावन्न. मग मी सुचवलं, कामं वाटून घेऊ. फोडायचं त्यांनी, शकल उचलून दगडापुढे ठेवायचं मी, तोवर ते जीपमध्ये परत. हे म्हणताना मला काही वाटलं नाही. हिशोबच तसा होता. बावन्न. एकोणपन्नास. पन्नास! पन्नास!! पन्नास!!!

इतकं खोबरं साठलं की दोन्ही घरांत वड्या. आज सौ. म्हणाली, रॅली होईपर्यंत या घरात नारळ आणायचा नाही. आईला मात्र ना. शे. आवडलेत. "देवाला वेळेत बसवणारे तुम्ही पहिलेच," म्हणाली. कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही.

रवि. २६ डिसें.

चार्ट पुरा. खिंडीशी आडवी रेघ, आणि त्यावर माझ्या बारीक अक्षरात: 'वाघोबा, ५० से.' खिंडीचा परिसर पाहून घेतला. दोन्ही बाजूंना दाट झाडी, पुढचं वळणही दिसत नाही. चौकी आसपास असलीच तरी नजरेच्या टप्प्यात नाही. माझाच नियम, मला नाही कळणार?

शनि. १२ फेब्रुवारी १९५५

उद्या. घड्याळ लावलं. पेन्सिली तासल्या, सहा. सौ. नं डबा भरताना विचारलं, "घाबरलात?" हो म्हटलं. "बरं वाटतं मग," म्हणाली.

रवि. १३ फेब्रु.

शांत बसून लिहितो.

कल्याण, सकाळी आठ दोन, गाडी नंबर चौदा. झेंडेवाला ओरडला, "सोडा!" ना. शे. नी वाघोबाचं, गावदेवीचं आणि माझं नाव एकाच दमात घेतलं. मुरबाडपर्यंत मी नुसता ओरडत होतो: दहा मागे, पाच मागे, बरोबर, बरोबर, तीन पुढे, सोडा पाय! त्यांना घड्याळ कळत नाही, पण माझ्या आवाजावरून किती दाबायचं ते कळतं. आवाज उंच गेला की ते पाय काढतात. कोष्टक मांडीवर, धुरळा तोंडात, टोपी कुठे तरी उडाली. एका ओढ्यात पाणी पायांशी आलं. एक रानडुक्कर आडवं गेलं, त्यासाठी चार सेकंद गेले, पुढच्या मैलात भरून काढले. मी हसत होतो. मोठ्यानं, एकटाच, वेड्यासारखा.

खिंड. पन्नास सेकंद शिल्लक होते, चार्टाप्रमाणे. ब्रेक, उडी, फाट्कन नारळ, शकल मी ठेवलं, उडी, सुटलो. घड्याळ बघितलं: पन्नास. वळणापलीकडे, शंभर यार्डांवर, लपवलेली चौकी! कागदावर शिक्का बसला. एका सेकंदाचाही फरक नाही. शून्य! मी ना. शे. च्या पाठीत गुद्दा घातला. "वाघोबा पावला!" ते. "चार्ट पावला!" मी.

ठाण्याला कच्चा निकाल फळ्यावर. गाडी चौदा: एकूण दंड तीन. तीन! दुसऱ्या नंबरला अकरा. गेल्या वर्षी भोईर मेल म्हणणारा गृहस्थ स्वतः येऊन हात मिळवून गेला. ना. शे. नी मला उचललं, खरंच जमिनीवरून उचललं. चार्ट लोक हातोहात बघत होते, 'हे तुम्ही काढलंत?' हो, मी काढलं. मी!

सोम. १४ फेब्रु.

ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांना कळलेलं होतं. सौ. नंच सांगितलं म्हणे, शेजारच्या सबइन्स्पेक्टरीणबाईंना.

बुध. १६ फेब्रु.

क्लबाचं पत्र. खिंडीपलीकडच्या चौकीवर जे शाळामास्तर बसले होते त्यांनी वहीत लिहिलंय: 'गाडी चौदा खिंडीच्या माथ्यावर उभी. पन्नास सेकंद.' त्यांच्या घड्याळातही पन्नास! त्याही स्थितीत मला बरं वाटलं, मग पुढची ओळ वाचली.

शंभर गुण दंड. एकशे तीन. अकरावा नंबर.

डिसेंबरात झाडी होती. फेब्रुवारीत सागाला पान राहत नाही. उघडं रान, आरपार दिसतं. याच मुलखात जन्म गेला आणि हे मला सुचलं नाही. पत्राच्या शेवटी नियम उतरवलाय, शब्दन् शब्द माझा. यंत्र लिहिलं, टायर लिहिलं, गुरं लिहिली, फाटक लिहिलं. देव लिहायचा राहिला. चिंचेखाली बसून रागावलेल्या माणसाला देव कुठून सुचणार.

गुरु. १७ फेब्रु.

ना. शे. ना सांगायला गेलो. वाटलं, खचतील. म्हणाले, "लवकर आयलो दंड, उशिरा आयलो दंड, बरोबर आयलो तरी दंड. मास्तर, या क्लबाला गारी नकोच हाय कं?" पण हसले नाहीत. आतल्या खोलीत भिंतीवर ढालीसाठी खिळा ठोकून ठेवलाय, तो दिसला मला.

शनि. १९ फेब्रु.

ठाण्याला वकिलांकडे. भला माणूस. खुर्ची दिली, दार लोटून घेतलं. म्हणाले, "अहो, एवढा चढ चढून आल्यावर इंजिन तापलं असेल. दोन ओळी लिहून द्या, दोघांच्या सह्या. यंत्रातला बिघाड, नियमातच बसतं. २७ ला चार वाजता कमिटी बसेल, मी वाचून दाखवीन, ढाल तुमची. शाळामास्तरांनी तुम्हाला उभं बघितलंय, कशासाठी ते बघितलेलं नाही."

"पण तसं झालं नाही," मी.

"झालं नाही असं तरी कोण म्हणतंय?"

येताना खाडीपुलावर मी स्वतःशीच पुटपुटत होतो. तीन गुण. आम्ही खरंच जिंकलोय. एक सेकंदही खोटा नाही. मग एका शब्दासाठी अकरावं का व्हायचं?

घरी येऊन लिहून काढलं. ठेवणीतल्या अक्षरात. सही केली.

रवि. २० फेब्रु.

ना. शे. ना वाचायला दिलं. त्यांना अक्षर लावायला वेळ लागतो, बोट फिरवत वाचलं. 'तापल्याने' पर्यंत आले, बोट थांबलं.

"तुमी लिवलात?"

"हो."

"तुमी म्हनता तं मी सई करतो. तुमी नसता तं मी परत शेवटलाच. पन येक करा. आदी खिंडीत चला, यो कागद त्याचे समोर वाचा. मंग देतो सई."

मी म्हटलं, "शेठ, मी त्याला मानत नाही. माझ्यासाठी तो दगड आहे."

"दगड हाय ना? मंग वाचायला काय झाला?"

पुढच्या रविवारी सकाळी जायचं ठरलं, तिथून तसंच ठाण्याला.

बुध. २३ फेब्रु.

सौ. ला सगळं सांगितलं. तिला वाटतं आधीच सांगायला हवं होतं. खरं आहे. "तुम्हाला ढाल हवी आहे का?" म्हणाली. हो, म्हटलं, हवी आहे. खूप हवी आहे. इतक्या स्पष्टपणे मी काही मागितलंय असं मला आठवत नाही.

शुक्र. २५ फेब्रु.

वकिलांचा निरोप: येताना चार्ट आणावा. कमिटीला बघायचाय, काचेत घालून क्लबात लावायचा विचार आहे.

काचेत! माझा चार्ट!

काढून पसरला. आणि तिथे खिंडीशी, आडव्या रेघेवर, माझंच अक्षर: 'वाघोबा, ५० से.' इंजिन तापणार हे मला डिसेंबरातच ठाऊक होतं, आणि बरोब्बर पन्नास सेकंद तापणार, असं सांगू कमिटीला?

रबर घेतलं. नुसतं अक्षर खोडलं, तर आडवी रेघ उरते, ती कसली म्हणतील. रबर जरा फिरवून थांबलो, पातळ कागद ठेवून आडव्या तुकड्याशिवाय सगळी रेघ वरून नवीन ओढली. खिंडीच्या पुढची सगळी रेघ पन्नास सेकंद अलीकडे सरकली. पुढच्या प्रत्येक चौकीवर आम्ही लवकर. शिक्के मात्र शून्याचे. काही केल्या जुळेना. थांबा काढला की गाडी पुढे ठाण्यापर्यंत चुकीची धावते.

चार्ट नेलाच नाही तर? उंदरांनी कुरतडला म्हणावं. पण मग लोकांना दिसणार काय, फक्त ढाल. मला चार्टच दाखवायचाय. पातळ कागद चुलीत घातला. मूळ चार्टवर रबर जिथे लागलं तिथे जरा फिकट झालंय, वाचता येतं.

रवि. २७ फेब्रु., दुपारी. शहापूर

चहाच्या दुकानात बसून लिहितोय. ना. शे. समोर जीपमध्ये पाणी घालतायत.

साडेबाराला खिंडीत पोचलो. रान उघडंबोडकं, पाचोळा गुडघाभर. चौकीची जागा लख्ख दिसत होती, हसू आलं. ना. शे. नी नारळ फोडला, सावकाश, वाटेल तेवढा वेळ घेऊन. शकल ठेवलं. मग जीपच्या मडगार्डावर जाऊन बसले, तोंड पलीकडे करून, मला मोकळेपणा वाटावा म्हणून.

मी कागद उघडला. वाचायला लागलो. आवाज चांगला खणखणीत होता. गाडी क्रमांक चौदा. चालक नामदेव भोईर. दिनांक तेरा. सदर गाडी खिंडीत उभी राहिली त्याचं कारण

इथे अडकलो. पुढचा शब्द समोर लिहिलेला, माझ्याच अक्षरात, आणि तोंडातून येईना. वाघोबाची भीती नव्हती, देवाशपथ नव्हती. (देवाशपथ! घ्या.) दगडापुढे मागच्या खेपेचं शकल तसंच पडलं होतं, वाळून काळं पडलेलं, मुंग्या लागलेलं. ते मी ठेवलेलं. सेकंद वाचवायला ठेवलं, मान्य. पण वाकलो मी होतो, हात माझा होता. आणि त्या वेळी छातीत जे काही उसळत होतं तसं मला देवळात कधी झालेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. ते पन्नास सेकंद 'बिघाड' होते असं म्हणायला जीभ वळेना. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत बरोबर चाललेले पन्नास सेकंद होते ते.

उभाच राहिलो. किती वेळ, बघितलं नाही.

ना. शे. आले. "झाला वाचून?"

"नाही."

"पुडं काय हाय?"

"इंजिन."

त्यांनी मान डोलावली. कागद मागितला नाही, सहीचंही बोलले नाहीत. म्हणाले, "मास्तर, ढाल मना पन पायजे. खोटा नाय बोलत." मग शेंदूर घेऊन माझ्याकडे आले. या वेळी मी मान वळवली नाही.

कागद खिशात आहे, एक सही असलेला. चार्ट मागच्या सीटवर, गुंडाळीत. खरं काय ते तोंडी सांगितलं तर कमिटी ऐकेल का? नियमाला आणखी एक अपवाद जोडा म्हणायला मला तोंड आहे का, पळवाट ठेवायची नाही म्हणून हट्ट धरणाऱ्याला? की हाच कागद पुढे करावा, ढाल घ्यावी आणि खिळ्याला लावून मोकळं व्हावं? अजूनही वाटतं ते. लपवत नाही, वाटतं.

ठाणं इथून तेहेतीस मैल. ताशी बावीसनं दीड तास. चारला पोचायचं तर अडीचला निघायला हवं. दोन सत्तावीस झालेत. ना. शे. विचारतायत, ताशी किती ठेवू? आज लवकर पोचलो तर दंड नाही, सांगितलं मी. पण त्यांनी ऐकलं नाही, मला जीपमध्ये बसायला सांगून घड्याळ काढा म्हणतायत.